यादीतलं सातवं नाव

अमरावतीच्या इतवारा बाजारात खुशालराव संत्रेवाल्याबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे तो मोजणीत कधी मारत नाही, आणि दुसरी म्हणजे हे तो कोणाला विसरू देत नाही. शेकडा मोजून झाला की वर दोन फळं टाकायचा आणि टाकताना आजूबाजूला कोण पाहतंय ते पाहून घ्यायचा. वीस वर्षं बाजारात काढून खोटं न बोलणं ही काही लहान गोष्ट नव्हे, हे कबूल. पण खरं बोलणाऱ्याला हळूहळू एक खोड लागते. आपल्या खरेपणानं दुसऱ्याचं काही बिघडू शकतं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

अशा माणसावर चौतीस सालच्या कार्तिकात नादारीचा अर्ज करायची पाळी आली. माझ्याजवळ आहे नाही ते सगळं घ्या, घेणेकऱ्यांत वाटा आणि मला मोकळं करा, असा अर्ज जिल्हा कोर्टात द्यायचा. लोक त्याला सरळ दिवाळं म्हणत. ओमप्रकाशशेठ नावाच्या आडत्यानं त्याच्यावर चौदाशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला होता आणि आता तो पकडवॉरंट काढणार होता. अर्ज मंजूर झाला तर खुशालराव सुटणार होता. नाही तर सहा महिने दिवाणी तुरुंगात, आणि घरी बायको आणि दोन लेकरं वाऱ्यावर.

कोर्टाच्या व्हरांड्यात चंद्रभान अर्जनवीस बसायचा. लाकडी पेटी पुढ्यात, चष्मा कपाळावर, आणि कोणाचंच ऐकून नवल वाटत नाही असा चेहरा. त्यानं कोरा कागद पेटीवर ठेवला.

"कारन काय लिवू?"

"गारपीट लिवा."

"कोन्या सालची?"

"मांगच्या फागुनातली. वरूडकडच्या साऱ्या बागा झोपल्या. मृगाचा बहार झाडावर होता, तोडनीले आठ दिवस राह्यले होते."

चंद्रभाननं लेखणी उचलली आणि पुन्हा ठेवली. "गार मांगच्या फागुनात पडली, अन् शेठजीची रक्कम तं त्याच्या आंदीच्या सालची हाये. हे कसं?"

मग एकेक उलगडत गेलं. खुशालराव वरूडकडच्या बागांचा बहार झाडावरच ठेक्यानं घ्यायचा, तोडणी करवून बैलगाड्यांनी नरखेडच्या स्टेशनावर माल पोचवायचा आणि कलकत्त्याला धाडायचा. नेहमी एकच बाग घ्यायचा. त्या साली तीन घेतल्या, शेठजीचा पैसा उचलून. तीन कशाला? तर आधीच्या साली कलकत्त्याच्या व्यापाऱ्यानं हात वर केले होते, ते भरून काढायचं होतं. त्या व्यापाऱ्याला उधारीवर माल दिलाच कशाला? तर जुना रोखीचा व्यापारी भाव कमी देत होता आणि खुशालरावला पैशाची निकड होती. निकड कशाची? इथं तो थांबला.

"बायकोच्या पोटात गोळा झाला होता," तो म्हणाला. "नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन केलं. भांडवल त्याच्यात गेलं."

"हे पाह्य," चंद्रभान म्हणाला. "बारा वर्सं झाले मले हे अर्ज लिवता लिवता. कोनी पानी म्हनते, कोनी गार म्हनते, कोनी भावाले शिव्या देते. पन मांग मांग सरकलं का कुठीतरी एक बिमारी निंगते, नाही तं एखांदं लगन. तितल्यानं मानूस नाही बुडत. त्यानं गपचिप बसून दोन सालं अर्धं पोट खाल्लं असतं तं तरला असता. पन बाजारात नाव असते ना. घाई करते."

खुशालरावला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. पहिल्या साली घरखर्च निम्म्यावर आणला असता तर भागलं असतं. पण इतवाऱ्यात खुशालरावनं दुकान आखडलं असं कोणी म्हटलेलं त्याला चाललं नसतं.

"मंदी लिवतो," चंद्रभान म्हणाला. "जज्जाले मंदी समजते."

मग घेणेकऱ्यांची यादी सुरू झाली. ओमप्रकाशशेठ पहिला, वरूडचे दोन बागायतदार, गाडीवाला, टोपल्यांचा बुरूड आणि किराणावाला. सहा नावं झाली. चंद्रभाननं शेवटचं कलम वाचून दाखवलं, कोर्टाच्या त्या ठोकळ्यासारख्या मराठीत. सर्व देणी वर नमूद केली असून कोणाही धनकोचे नाव लपविलेले नाही, हे मी शपथेवर लिहून देतो.

"कर सही."

खुशालरावनं लेखणी घेतली आणि तशीच धरून बसला.

"अजून एक हाये," तो म्हणाला. "माही बहीन. दुर्गाबाई, मूर्तिजापूरची. सहा तोळ्याच्या पाटल्या देल्ल्या होत्या तिनं मले. एकशेवीस आले त्याचे."

चंद्रभाननं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कागद हाये?"

"नाही."

"तिनं मांगतले कधी?"

"कधीच नाही."

"मंग कायले घालतं? नातेवाईक घालू नोको, बापू. लोकं खोटे साळे-मेव्हने घालतात यादीत, लिलावाचा वाटा फिरून घरात याले पाह्यजे म्हनून. जज्ज पैले नातेवाईकाच्या नावावर बोट ठेवते."

"लोकं घालत असतीन खोटे. मी खोटं नाही घालून राहिलो. देनं हाये ते हाये."

"तुह्या मर्जीची गोष्ट हाये," म्हणून चंद्रभाननं सातवं नाव लिहिलं. दुर्गाबाई भ्रतार रामराव, राहणार मूर्तिजापूर, सोन्याच्या पाटल्या वजन सहा तोळे यांच्या किमतीपोटी रुपये एकशेवीस.

खरं तर त्या पाटल्यांची गोष्ट दुर्गा आणि खुशालराव सोडून फक्त त्याच्या बायकोला, माणिकबाईला ठाऊक होती. चार वर्षांपूर्वी बहिरमच्या जत्रेत खुशालरावनं संत्र्यांचं दुकान लावलं होतं. दुर्गा सासरच्यांबरोबर राहुटी ठोकून आली होती. रोडगे भाजायचा जाळ पेटवायच्या गडबडीत ती दुकानामागं आली, वहिनीचं दुखणं ऐकलं आणि जागच्या जागी हातातल्या पाटल्या उतरवल्या. त्या माहेरच्या नव्हत्या. लग्नात सासरनं घातलेला डाग, दागिना होता. "मी सांगतो चोरीले गेल्या म्हनून," ती म्हणाली होती. "आंगोळीच्या वक्ती काहाडून पदरात बांधल्या होत्या, गाठ सोडून कोनी नेल्या. जत्रा हाये, कोनीबी मानीन. पन दादा, तुले माही आन हाये, कोनाजवळ बोलजो नोको." पाटल्या गेल्या म्हणून सासूनं वर्षभर तिला माहेरी पाठवलं नाही, जत्रेचं तर नावच नको. तिनं ते वर्ष मुकाट्यानं काढलं. माणिकबाई मात्र जगली.

ती आण खुशालराव विसरला नव्हता. पण त्यानं मनाशी तोड काढली होती. कोर्ट म्हणजे काही कोणी माणूस नव्हे, आणि कोर्टाच्या कागदावर लिहिणं म्हणजे कोणाजवळ बोलणं नव्हे. शिवाय वाटणीत रुपयाला चार आणे जरी पडले तरी तीस रुपये बहिणीच्या हातात जातील. हे सगळं पटण्यासारखं होतं. त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं स्वतःला सांगितली नाही. चार वर्षं पोटात ठेवलेलं देणं एकदाचं कुठंतरी लिहिलं गेलं, म्हणून त्याला फार हलकं वाटत होतं.

आठ दिवसांनी अर्ज दाखल झाला, पौषातली तारीख पडली आणि तोवर पकडू नये असा हुकूमही मिळाला. खुशालराव बऱ्याच दिवसांनी मोकळ्या चेहऱ्यानं घरी आला. माणिकबाई भांडी निराळी करत बसली होती. स्वयंपाकाला लागतील तेवढी घरात राहतात, बाकीची लिलावात जातात, असं शेजारच्या कोणी सांगितलं होतं. ती पाणी भरायचा मोठा गुंड एकदा या बाजूला ठेवी, एकदा त्या.

"काही लपवलं नाही म्या," तो म्हणाला. "सगळे नावं देल्ले. दुर्गीचंबी देल्लं."

गुंडावरचा तिचा हात तसाच राहिला. "कोनाचं?"

"दुर्गीचं. पाटल्याचं. तिचं बुडू नाही म्हनून."

"तो कागद कोन वाचते?"

"जज्ज वाचते. आनखीन कोन?"

"सात जनाचे नावं लिवले अन् त्या सात जनाले कोनी सांगनार नाही? वाटा घ्याले या म्हनून त्यायले बलावतीन नाही तं कसं?" माणिकबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण घरात बातमी कशी फिरते हे तिला कोर्टापेक्षा जास्त कळत होतं. "काय केलं हो तुमी? कोनत्या जलमाचा सूड घेतला तिच्यावर?"

त्या रात्री खुशालरावला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आधीच तो चंद्रभानच्या पेटीपुढं उभा होता.

"नोटिसा कालच निंगाल्या," चंद्रभान म्हणाला. "रजिस्टर टपालानं. प्रत्येकाच्या नावानं, सोबत यादीची नक्कल. तुले मालूम नव्हतं?"

नव्हतं. वीस वर्षं ज्यानं कलकत्त्यापर्यंत माल धाडला त्याला हे ठाऊक नव्हतं. तो तसाच स्टेशनावर गेला, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि दुपारी मूर्तिजापूरला उतरला. वाटेत त्याचा एकच विचार चालला होता. पोस्टमनला गाठायचं, हाता-पाया पडायचं आणि कागद आपल्या हातात घ्यायचा. देणाऱ्यानं दिला नसता, पण बुडणारा माणूस एवढा विचार करत नाही.

दुर्गाच्या नवऱ्याच्या, रामरावच्या घरी पोचला तेव्हा पोस्टमन येऊन गेला होता. रामराव ओट्यावर बसला होता आणि कागद त्याच्या मांडीवर होता. शेजारी त्याची आई मैनाबाई सुपात तूर घेऊन बसली होती, पण पाखडत नव्हती. रामराव तसा मवाळ माणूस. बायकोवर कधी हात उगारलेला नाही, मेव्हण्याला कधी वाकडं बोललेला नाही. म्हणूनच त्याचा तो शांत आवाज ऐकून खुशालरावच्या अंगावर काटा आला.

"या, बसा," रामराव म्हणाला. "हे काय आलं म्हनलं. तुमीच सांगा आता."

"चूक झाली, रामराव. लिवनाऱ्यानं भलतंच लिवलं."

"लिवनाऱ्याले बहिरमच्या पाटल्या कशा मालूम?"

रामराव कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेला. "सहा तोळे. वजनबी बराबर हाये."

मैनाबाईनं सूप खाली आपटलं. "म्या तवाच म्हनलं होतं. पदराची गाठ सोडून नेते अन् बाईले पत्ता लागत नाही! चोर कुठीचा, माहेरचा!"

दारात दुर्गा उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. खुशालरावनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याला वाटलं, धरती फाटावी. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसती भीती होती. लहानपणी विहिरीच्या काठावर तोल गेला होता तेव्हा होती तशी.

रामराव वळून म्हणाला, "सांग वं. तू देल्ल्या होत्या?"

"म्या कायले देतो?" दुर्गा म्हणाली. आवाज कापला नाही. "म्या त्याले कधी काहीच देल्लं नाही. त्याले पुसा, काहून लिवलं ते."

मग रामरावनं कागद नीट घडी करून खिशात घातला.

"मले भांडाचं नाही," तो म्हणाला. "पन गावात उद्या लोकं म्हनतीन, रामरावच्या बायकोनं नवऱ्याच्या चोरून सोनं माहेरी घातलं. मले हे दिमागात घेऊन जगनं होत नाही. तारखेले मी इले घेऊन येतो. जज्जापुढं ही शपथेवर सांगन, तुमीबी शपथेवर सांगा. देल्ल्या म्हनसान तं देल्ल्या. मंग इले तिकडेच ठेवून घ्या. नाही म्हनसान तं नाव काहाडा अन् विषय मिटला."

चहा-पाणी न घेता खुशालराव परतला. दुर्गा पुन्हा बाहेर आली नाही.

पौषापर्यंतचे ते दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. तो दोनदा चंद्रभानकडं गेला. नाव खोडून घ्यावं म्हणाला, तर चंद्रभाननं मान हलवली. ओमप्रकाशशेठच्या वकिलानं यादीची नक्कल घेतली होती आणि सातव्या नावावर हरकत नोंदवली होती. सख्खी बहीण, कागद नाही, मागणी नाही. घेणेकऱ्यांचा वाटा मारायला हे नाव घुसडलं आहे, असं त्याचं म्हणणं.

"आता दोनच रस्ते हायेत," चंद्रभान म्हणाला. "खरं हाये म्हनशीन तं तुह्या शब्दावर जज्ज कदाचित मानीन. तुले बाजारात मान हाये, शेठजीबी ते नाकारनार नाही. अन् खोटं हाये म्हनशीन तं अर्ज गेला. खोटी यादी देल्ली म्हनून निराळी फिर्याद होईन ते अलग. मी तं म्हनतो, खरं हाये तं खरंच सांग. आजवर तेच करत आला ना तू?"

खुशालराव घरी आला. त्यानं माणिकबाईला सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय करू?"

"मले नोका पुसू," ती म्हणाली. "माहे दोन लेकरं हायेत अन् घरात दाना नाही. तुमी आत गेले तं मी काय करू, मले मालूम नाही. अन् मी जिती हावो ते तिच्यानं हावो. मी काहीबी बोलली तं कोनाचा तरी गळाच कापला जाते." मग ती उठली आणि चूल पेटवू लागली. तारखेपर्यंत तिनं हा विषय पुन्हा काढला नाही.

तारखेच्या दिवशी कोर्टात इतवाऱ्यातले पाच-सात जण आले होते. आपल्याला भला माणूस म्हणणारे हेच ते लोक, असं खुशालरावच्या मनात आलं आणि त्याला त्यांच्या नजरा नकोशा झाल्या. ओमप्रकाशशेठ पुढच्या बाकावर होता. रामराव आणि दुर्गा मागच्या भिंतीशी उभी होती. माणिकबाई दाराजवळ जमिनीवर टेकली होती.

पहिली सहा नावं सरळ गेली. सातव्याला पुकारा झाला. दुर्गा पदर डोक्यावर ओढून पिंजऱ्यात उभी राहिली. तिनं ईश्वरसाक्ष शपथ घेतली. आपल्या उजव्या हाताकडं पाहत तिनं सांगितलं की भावाला आपण कधी काही दिलं नाही, पाटल्या बहिरमच्या जत्रेत चोरीला गेल्या, आणि हे नाव यादीत कसं आलं ते आपल्याला ठाऊक नाही. एकदाही अडखळली नाही. अडखळली असती तर खुशालरावला सोपं गेलं असतं.

शेठजीचा वकील उठला आणि जे बोलायचं ते बोलला. मग जज्जसाहेबांनी खुशालरावला पिंजऱ्यात बोलावलं. ते वयस्क होते आणि चिडलेले नव्हते.

"तुमची बहीण म्हणते देणं नाही. तुम्ही शपथेवर लिहून दिलंय की आहे. खरं काय? नीट विचार करून सांगा. ती घरच्यांच्या धाकानं नाही म्हणत असेल, तर तसंही सांगा."

जज्जसाहेबांनी सुटकेचं दार उघडंच ठेवलं होतं. एक "हो" म्हणायचा अवकाश होता. खुशालरावला आपली लेकरं दिसली, तुरुंगाचं दार दिसलं, आणि मागे न वळताही भिंतीशी उभी असलेली दुर्गा दिसली.

"खोटं हाये, सरकार," तो म्हणाला. "म्याच घातलं."

"कशासाठी?"

इथं नुसतं खोटं पुरत नव्हतं, ते पटायलाही हवं होतं. आयुष्यात ज्यानं हा धंदा केला नाही त्याला तो एका दमात जमला, याचं पुढं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "इच्या पाटल्या चोरी गेल्या हे मले मालूम होतं. गेलेल्या डागाचा कोनी पुरावा मांगत नाही. मनात आलं, त्याच लिवाव्या. वाटा आला तं तिच्या नावानं घरातच येईन. बहिनीले काही सांगतलं नव्हतं म्या. तिचा काही दोष नाही याच्यात."

खुशालरावच्या लक्षात आलं, की सगळ्यांनी हे लगेच मानलं होतं. वीस वर्षं तो खरं बोलला तेव्हा लोक एकदा तरी मोजणीकडं पाहून घेत. आज पहिल्यांदा खोटं बोलला, तर एकालाही शंका आली नाही. ओमप्रकाशशेठ बाकावरून त्याच्याकडं पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. "तुम भी, खुशालराव?" तो हळूच म्हणाला. तुरुंगापेक्षा खुशालरावला हेच जास्त लागलं.

अर्ज फेटाळला गेला. खोट्या यादीचं पुढं पाहू, असं जज्जसाहेब म्हणाले. शेठजीच्या वकिलाकडं वॉरंट तयारच होतं. बेलिफानं खुशालरावला व्हरांड्यात बसवलं आणि कागदावर काहीतरी लिहून घ्यायला आत गेला. माणिकबाई येऊन त्याच्या बाजूला उभी राहिली.

तेवढ्यात रामराव आणि दुर्गा बाहेर आली. महिनाभर रामरावच्या कपाळावर असलेली आठी गेली होती. मनावरचं ओझं उतरल्यावर माणूस जसा उगाच इकडंतिकडं पाहतो तसं तो पाहत होता. खुशालरावशी तो बोलला नाही. बोलण्यासारखं त्याच्याजवळ काही उरलंही नव्हतं.

"चाल, गाडीचा टाइम झाला," तो बायकोला म्हणाला.

दुर्गा हलली नाही. खांबाला हात लावून ती भावाकडं पाहत होती. कोर्टात जी अडखळली नव्हती तिची हनुवटी आता थरथरायला लागली. तिनं ओठ दाताखाली धरला, पण डोळे भरून आले. खुशालरावला ते दिसलं आणि त्यानं मान खाली घातली. आता रडू नको, त्यानं मनात म्हटलं, आता नको, एवढं सगळं केल्यावर नको. रामराव दोन पावलं पुढं गेला होता. ती मागे नाही हे लक्षात येऊन तो वळला.

"काय झालं वं?" त्यानं विचारलं.

तिनं तोंड उघडायच्या आत माणिकबाई पुढं झाली.

"पाहून काय राहिली?" ती एवढ्या जोरानं ओरडली की व्हरांड्यातले पक्षकार वळले. "भावाले आत घालून जीव थंडा झाला का नाही? एक शबूद सांभाळून घेतला असता तं तुह्यं काय जात होतं? सोन्याच्या घरात बसली हायेस, तुले काय कोनाच्या लेकराचं! आजपासून आमच्या दारात पाय ठेवजो नोको. रक्षाबंदनाले येजो नोको, मेल्या-जित्याले येजो नोको. तू मेली आमाले!"

दुर्गानं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्यानं हंबरडा फोडला.

"ओ वहिनी, तोंड सांभाळा!" रामराव तडकला. "लबाडी तुमच्या नवऱ्यानं केली अन् इले बोलता? लाज नाही वाटत?" त्यानं दुर्गाला जवळ घेतलं. "रडू नोको. अशा लोकाईसाठी रडते का कोनी? चाल, मी हावो ना." तिला धरून त्यानं पायऱ्या उतरवल्या. ती रडत होती, आवरतही नव्हती, आणि तो फाटकापर्यंत तिची समजूत घालत चालला होता.

खुशालराव उठून उभा राहिला होता. "जिच्यामुळं तू जिती हायेस," तो रागानं म्हणाला, "तिले हे बोलली तू? चारचौघात?"

माणिकबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"तिले रडू येऊन राहिलं होतं," ती म्हणाली. "नाव मोकळं झालं, भाऊ खोटा पडला, मंग ही रडते काहून, असं पुसलं रामरावनं तिले. काय सांगतलं असतं तिनं?"

बेलिफ बाहेर आला आणि चला म्हणाला. खुशालराव त्याच्यामागं निघाला. माणिकबाई मात्र खांबाजवळच उभी राहिली, आणि रामराव-दुर्गा स्टेशनच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत तिकडंच पाहत होती.